बोहदानाची हॉलंडची रजा

बोहदाना दुश्कोवा चेक देशातल्या यिह्लावमध्ये ट्रॉलीबस चालवते. डोक्यावरच्या तारांना दोन दांड्या लावून पळणारी ही बस तारा नेतील तिथेच जाते. स्टेशन ते इस्पितळ आणि इस्पितळ ते स्टेशन, अशी बावीस वर्षं झाली. कोणत्या थांब्यावर कोण म्हातारी कोणत्या गुडघ्याने लंगडत चढणार, हे तिला न बघता कळतं. म्हणून असेल, पण रजा मिळाली की बाई गावात थांबत नाही. पाठीवर जुनी निळी पिशवी टाकते आणि जिथे आपली तार पोचत नाही तिथे निघून जाते.

ड्रायव्हरच्या पगारात युरोप बघायचा म्हणजे डोकं लावावं लागतं, आणि ते तिच्याकडे भरपूर आहे. नाताळात आणि ईस्टरला ती दुसऱ्यांच्या पाळ्या करते आणि त्याच्या बदल्यात ऑक्टोबरात सलग आठवडा मागून घेते. तेव्हा हंगाम सरलेला असतो, खोल्यांचे भाव उतरलेले असतात आणि शाळकरी पोरं शाळेत असतात. शुक्रवारी ती कधी निघत नाही, कारण शुक्रवारी सगळं जग निघतं. पहिल्या दोन दिवसांचं जेवण घरून नेते. पावाचा चुरा लावून तळलेले डुकराचे काप, व्हिनेगरमधल्या काकड्या, थर्मासमध्ये चहा. आणि पिशवीच्या तळाशी घरात घालायच्या सपाता, कारण परक्या खोलीतही बुटांनी वावरायचं म्हटलं की तिला किळस येते.

परक्या शहरात उतरली की ती आधी देऊळ-राजवाडा बघत नाही. समोर येईल त्या बसमध्ये चढते आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहते. माणसं कुठे राहतात, वाळत काय घालतात, ड्रायव्हर ब्रेक कसा दाबतो, हे सगळं बघून घेते. परतताना शिक्का मिळवते. आपल्याकडे कुठलाही गड चढला की तिकीटखिडकीतल्या बाईकडून वहीवर शिक्का मारून घेतात. ती सवय बोहदानाने देशाबाहेरही सोडली नाही. लिस्बनमध्ये शिक्का कुठे मिळेना, तेव्हा तिने मासळीबाजारातल्या एका कारकुनाच्या टेबलावरचा तारखेचा शिक्का वहीत मारून घेतला. तो माणूस अजून कुणालातरी ती गोष्ट सांगत असेल.

"बाई, वर्षभर बस चालवून दमतेस आणि विसावा म्हणून पुन्हा बसमध्येच बसतेस," आगारातली यार्मिला तिला म्हणते. "तुझ्यापेक्षा माझं मांजर शहाणं. ते सोफ्यावर बसतं."

"तुझं मांजर तरी तिकीट काढत नाही," बोहदाना म्हणते.

वहीत अठरा देशांचे शिक्के होते. हॉलंडचा नव्हता. हॉलंड महाग म्हणून नाही. हॉलंडमध्ये तिचा काका राहत होता, आणि तिच्या बाबांसमोर हॉलंडचं नाव काढण्याची सोय नव्हती.

बाबा म्हणजे आलोइस दुशेक; बाईच्या नावापुढे त्याच आडनावाचं दुश्कोवा होतं. वय पंच्याहत्तर. जंगलात वाढलेला माणूस. तरुणपणी वनखात्यात सहायक होता, आणखी दोन वर्षांत त्याला स्वतःचं रान मिळणार होतं. एकोणसत्तर सालच्या सप्टेंबरात त्याचा धाकटा भाऊ विलेम मित्राकडे जातो म्हणून गेला तो हॉलंडमध्येच उगवला. पुढच्या महिन्यात सीमा बंद झाल्या. कम्युनिस्ट राजवटीत पळालेल्याच्या भावाला कुणी रान देत नव्हतं. आलोइसला वनखात्यातून काढलं आणि दारूच्या भट्टीवर बॉयलरमध्ये कोळसा टाकायला लावलं. तिथे त्याची एकवीस वर्षं गेली. त्यांची आई गेली तेव्हा विलेमला यायची परवानगी मिळाली नाही. बोहदाना चौदा वर्षांची झाली, भाषा शिकायला शहरातल्या शाळेत जायचं म्हणाली, तेव्हा तिच्या अर्जावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'काका परदेशात'. अर्ज परत आला. म्हणजे राग तिचाही होता. फक्त तिने तो तिकिटं काढून काढून झिजवला, आणि बाबांनी तो तसाच जपून ठेवला.

सीमा उघडल्यावर, एक्क्याण्णव साली, विलेम आधी कळवून आला होता. आईच्या थडग्यावर फुलं ठेवून दुपारी घरी आला. आलोइसने सकाळीच दाराला कुलूप लावलं आणि जंगलात जाऊन बसला. वीस वर्षांची बोहदाना वरच्या खिडकीत पडद्याआड उभी होती. करड्या कोटातला एक माणूस पायरीवर तासभर बसला, चॉकलेटचा डबा ठेवला आणि उठून गेला. तिने दार उघडलं नाही. किल्ली तिच्याकडे होती. हे तिने बाबांना कधी सांगितलं नाही, आणि त्या गोष्टीने तिला अठरा देशांत कुठेच सोडलं नाही.

त्यानंतर दर नाताळला हॉलंडहून कार्ड येई आणि न उघडता टेबलाच्या खणात जाई. घरात विलेमचं नाव नव्हतं. बोलायचीच वेळ आली तर बाबा 'तो' म्हणत.

बोहदानाची आई वारल्यानंतर दुसऱ्या वर्षी, सूप पिता पिता, बाबा एकदम म्हणाले, "यंदा कुठे जाणार तू?"

"ठरलं नाही. का?"

"मी समुद्र बघितलेला नाही."

बोहदानाच्या हातातला चमचा तसाच राहिला. या माणसाने जन्मात देशाची वेस ओलांडली नव्हती. आधी त्याला जाऊ देत नव्हते, मग तोच जाईना.

समुद्र पोलंडलाही आहे, आणि जवळ आहे. हे तिला ठाऊक होतं, बाबांनाही ठाऊक होतं. तरी तिने तिकिटं हॉलंडची काढली. आणि काकाला एक कार्ड टाकलं, आयुष्यातलं पहिलं. 'आम्ही ऑक्टोबरात पाच दिवस तुमच्या गावाजवळच्या कॅम्पवर आहोत. बाबांना माहीत नाही. मी कळवल्याशिवाय येऊ नका.' उत्तर एका ओळीचं आलं. 'मी घरीच असतो.'

बस प्रागमधून निघाली, आणि शहराबाहेर पडायच्या आत बाबांनी मांडीवर कागद पसरून तळलेला काप काढला. आपल्या लोकांना चाक फिरलं की भूक लागते. समोरच्या सीटवरची दोन माणसंही तेच करत होती.

"ड्रायव्हर कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"वळणावर ब्रेक उशिरा दाबतो."

"मग तू चालव."

"रजेवर आहे मी."

चौदा तासांनी ते उतरले, आणखी एका छोट्या बसने कॅम्पवर पोचले. पाइन आणि ओकच्या जंगलाच्या कडेला लाकडी खोपटं होती. आत चार फळ्यांचे पलंग आणि एक हीटर. बाबांनी पिशवी खाली ठेवली, दारात उभं राहून नाकाने हवा ओढली.

"समुद्र कुठे आहे?"

"दीड तास. ट्रेनने."

"मग आपण इथे का?"

"इथे स्वस्त आहे."

बाबांनी पाटीवरचं गावाचं नाव वाचलं. तेच नाव तीस वर्षं खणातल्या पाकिटांवर होतं. "दान्का," ते म्हणाले, बोहदानाला घरी ते याच नावाने हाक मारत, "मी समुद्र बघायला आलो आहे. समुद्र बघेन आणि घरी जाईन. त्याच्या दारात मी जाणार नाही. ओढून नेलंस तर रस्त्यात बसेन."

"कोण ओढतंय?"

"तू. लहानपणापासून तुझं तोंड असं झालं की मला कळतं."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना समुद्रावर घेऊन गेली. तिकिटं तिने जूनमध्येच सवलतीत घेऊन ठेवली होती. वारा असा की माणसाने सरळ उभं राहू नये. बाबा वाळूवर थांबले, टोपी काढून हातात धरली. पाणी शेवाळी होतं, आभाळ त्याहून मळकट.

"चित्रात निळा असतो," ते शेवटी म्हणाले.

"उन्हाळ्यात महाग असतो, बाबा. निळा पण आणि महाग पण."

ते हसले. मग इतक्या हळू बोलले की वाऱ्यात जेमतेम ऐकू आलं. "हा समुद्र बघायला गेला असेल का गं तो, आल्या आल्या? वीस वर्षांचं पोरगं होतं." आणि लगेच टोपी घातली. "झालं. बघितला. उद्या निघू."

"परतीची तिकिटं शनिवारची आहेत."

"मग शनिवारपर्यंत मी खोपटात बसेन."

बोहदाना त्या संध्याकाळी मनातून हरली. काकाला काय कळवणार? की हजार किलोमीटर आणून तुमच्यापासून पंधरा मिनिटांवर ठेवलेला माणूस तसाच परत नेते आहे म्हणून? एक्क्याण्णव साली दार उघडलं नाही, आताही उघडता येत नाही. आपल्या हाताला दारं लाभतच नाहीत असं तिला वाटलं, आणि स्वतःचाच राग आला.

सकाळी जाग आली तर बाबांचा पलंग रिकामा. बूट नाहीत, कापडी पिशवी नाही, आणि काकड्या कापायचा चाकू टेबलावर असला तरी बाबांचा स्वतःचा चाकू नाही. बाहेर धुकं, मऊ ओलावा, रात्री पाऊस पडून गेलेला. एका क्षणात तिच्या ध्यानात आलं. अशा सकाळी आपल्याकडे अर्धं गाव अळंब्या वेचायला बाहेर पडतं. ती पायांतल्या सपातांनीच धावत सुटली.

बाबा मोठ्या रस्त्याच्या कडेला, ओकच्या रांगेखाली सापडले. पिशवी भरलेली, कोटाचे खिसे फुगलेले, हातात टोपी आणि टोपीतही अळंब्या. चेहरा असा की बोहदानाने तो कधी बघितलाच नव्हता. आईच्या लग्नातल्या फोटोत तो थोडासा आहे.

"दान्का! अगं, इथे कुणी वेचतच नाही!" ते ओरडले. "रस्त्याच्या कडेला, सायकली जातात तिथे, ही एवढाली! पोरं आंधळी आहेत का या देशातली? मी तीन फर्लांग आलो, एकानेही हात लावलेला नाही!"

"बाबा, हळू."

"हळू काय? आपल्याकडे याच्यासाठी माणसं पहाटे चारला उठून एकमेकांना फसवतात!"

एवढ्यात सायकलवरून एक हिरव्या जाकिटातला माणूस आला. दाढीवाला, चाळिशीचा, हार्मेन नावाचा वनरक्षक. कुणी सायकलवाल्याने कळवलं होतं. तो डच बोलला, मग बोहदानाचं तोंड बघून जर्मनवर आला. तिची जर्मन बसथांब्यांवर शिकलेली होती, पण पुरेशी होती. या जंगलात अळंब्या वेचायला बंदी आहे, तो म्हणाला. एकही नाही. दंड होतो.

बोहदानाने सांगितलं. बाबांना ते पटेचना. जंगलातली अळंबी वेचायची नाही, म्हणजे विहिरीतलं पाणी प्यायचं नाही म्हटल्यासारखं.

"विचारतायत, कुठे कुठे वेचल्या?"

बाबांचे डोळे एकदम बारीक झाले. "असं होय! सांग त्याला, म्हातारा झालोय, पण जागा सांगण्याइतका वेडा झालो नाही."

"बाबा, ते कागदावर लिहिण्यासाठी विचारतायत!"

"हो, हो. आणि उद्या सकाळी टोपली घेऊन स्वतः येईल."

बोहदानाने भाषांतर केलं नाही, पण हार्मेनला कळलं. तो कपाळाला हात लावून हसला, मग बाबांचं ओळखपत्र मागितलं. नाव वाचलं आणि हसू थांबलं.

"दुशेक? आमच्याकडे एक दुशेक आहेत. चर्चच्या मागे, पांढऱ्या घरात. बारा वर्षं दर ऑक्टोबरात मी त्यांना पकडतो. तेही जागा सांगत नाहीत." त्याने बाबांच्या मुठीकडे बोट केलं. "आणि हाच चाकू. माशाच्या आकाराचा."

बोहदानाने एकेक वाक्य तसंच सांगितलं. काही वगळलं नाही. बाबांनी मूठ उघडली. दुमडणारा छोटा चाकू, बाबांच्या आजोबांनी दोन्ही भावांना एकाच दिवशी, यिह्लावच्या जत्रेत घेऊन दिलेला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"विचार त्याला," ते म्हणाले. "तो कापतो का उपटतो?"

हार्मेनला प्रश्नाचं आश्चर्य वाटलं नाही. "कापतात," तो म्हणाला. "देठाचे बुडखे मातीत राहतात. त्यावरूनच मला कळतं की येऊन गेले."

"कापतो!" बाबा कडाडले. "अजून कापतो! सात वर्षांचा होता तेव्हापासून सांगतोय, पिळून मुळासकट काढ, बुडखा ठेवला की कुजतो, सगळी जागा सडते! आजोबा सांगायचे, मी सांगायचो. पन्नास वर्षं हा माणूस परक्याच्या जंगलाचा सत्यानाश करतोय!" त्यांनी भरलेली पिशवी हार्मेनच्या हातात दिली, खिसे रिकामे केले, टोपी उलटी केली. एक मोठी अळंबी टोपीच्या अस्तरात तशीच राहिली. हार्मेनने ती बघितली आणि मग बराच वेळ झाडाच्या शेंड्याकडे बघत उभा राहिला. दंडाचा कागद त्याने काढलाच नाही.

"चल," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"त्याला सांगायला हवं. नाही सांगितलं तर कापत राहील मरेपर्यंत."

बोहदाना निमूट निघाली. एक शब्द चुकला तर हे रस्त्यात बसतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भिजलेल्या सपाता फटफट वाजवत ती त्यांच्यामागे चालत राहिली. चर्च आलं, चर्चमागचं पांढरं घर आलं. बाबांची चाल फाटकाशी मंदावली. तिला वाटलं, आता वळतील. मग पुढे होऊन तिनेच घंटी दाबली. एवढं एक दार तरी आपल्या हाताने.

विलेमने दार उघडलं. तोच करडा माणूस, आता आखूड झालेला, पायात लोकरी सपाता. तो भावाकडे बघत राहिला.

बाबांनी टोपीतली अळंबी पुढे धरली. देठाच्या टोकाला माती होती, पांढरे तंतू होते.

"हे बघ. अशी. पिळून. मुळासकट."

विलेमने ती हातात घेतली नाही. नुसती बघितली. त्याचं चेक जुनं झालं होतं, शब्द शोधत बोलला; भावाचं लहानपणचं नाव मात्र अचूक आलं. "मुळं मातीत राहिली पाहिजेत, लोइझा. मी म्हणून कापतो. उपटलं की तिथे पुन्हा येत नाही."

"येतं."

"नाही येत. मला विचार."

बोहदानाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

"मी एवढंच सांगायला आलो होतो," बाबा शेवटी म्हणाले. "आत नाही येणार. बुटांना चिखल आहे."

विलेम वळला. दाराशेजारी एक बुटकी फळी होती, आपल्याकडे प्रत्येक घरात असते तशी, पाहुण्यांच्या सपातांची. पण हॉलंडची माणसं बुटांनीच घरात शिरतात. त्या फळीवर एकच जोड होता. तपकिरी चौकड्यांचा, पुढे बक्कल असलेला, आपल्याकडे म्हातारे घालतात तसला. पुठ्ठ्याचा जुना तुकडा अजून दोऱ्याने लोंबत होता.

"चव्वेचाळीस नंबर," विलेम म्हणाला. "तुझा. एक्क्याण्णव साली आलो होतो, तेव्हा तिथून परतताना घेतला. म्हटलं, कधीतरी येशील."

बाबा सपातांकडे बघत उभे राहिले. मग अवघडत पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. गाठ सुटत नव्हती. बोहदाना वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. "माझं मी काढतो. तुझ्या पायांकडे बघ आधी! घरच्या सपातांनी जंगल तुडवून आलीस? लाज नाही वाटत लोकांच्या दारात?"

ती खरंच तशीच उभी होती, चिखलाने घोट्यापर्यंत माखलेली. विलेमने तिच्याकडे बघितलं. "तू पडद्यामागे होतीस," तो म्हणाला. रागाने नाही. तिने मान हलवली. त्याने स्वतःच्या पायांतल्या लोकरी सपाता काढल्या आणि पायानेच तिच्याकडे सरकवल्या. त्या अजून गरम होत्या.

बाबांनी चौकड्यांच्या सपातांत पाय घातले. टाच मावली नाही, मागची कड दाबून तशाच चढवल्या. उठून उभे राहिले, आत दोन पावलं टाकली आणि थांबले. त्यांची नजर खाली गेली. विलेम दगडी फरशीवर नुसत्या मोज्यांत उभा होता. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

पन्नास वर्षांत घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते नाव बाबांनी घेतलं, जुन्या, दरडावणाऱ्या, थोरल्या भावाच्या आवाजात.

"विलेम. फरशी गार आहे. पायात काहीतरी घाल."